दोन दारांचे घरमालक

बोईसरला आम्ही ज्या चाळीत नऊ वर्षं भाड्याने राहिलो, तिथल्या प्रत्येक खोलीला दोन दारं होती. एक पुढे, एक मागे. खोली दहा बाय बारा. दोन भिंतींत दोन दारं, तिसरीत खिडकी, चौथीला मोरी. कपाट ठेवायला सलग भिंत म्हणून नव्हतीच. मी एका रंगाच्या कारखान्यात टाइम ऑफिसात होतो आणि आकडे मांडून पाहायची मला खोड आहे. पहिल्याच आठवड्यात मी घरमालकांना कागदावर आकृती काढून दाखवली. मागचं दार बुजवलं तर प्रत्येक खोलीत एक कॉट जास्तीची मावत होती.

त्यांनी आकृती नीट पाहिली. कागद उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली. मग मोठ्या आवाजात म्हणाले, "हिशेब बरोबर आहे. पण एका वाटेच्या खोलीत मी माणूस ठेवत नाही."

"का पण?"

"का म्हणजे? नाही ठेवत."

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. चाळीतही ते कुणी घेत नसे. समोर सगळे 'काका' म्हणत आणि पाठीमागे 'कप्तान'. कप्तान ते कधीच नव्हते. नौदलात ते बॉयलरवर होते, म्हणजे जहाजाच्या पोटात. एकाहत्तरच्या लढाईत त्यांचं जहाज बुडालं. वाचलेल्यांत हे एक. एक कान त्यात गेला, म्हणून नौदल सुटलं आणि आवाज चढा राहिला. मूळचे माहीमचे, म्हणजे मुंबईच्या नव्हे, इकडच्या किनाऱ्यावरच्या माहीमचे, पानवेलींच्या वाडीवाल्यांच्या घरातले. वाडीतला आपला वाटा भावाला देऊन त्यांनी बोईसरला या खोल्या बांधल्या. कारखाने तेव्हा नुकते उभे राहत होते, आणि खोली मिळणं कठीण होतं. नाहीतर त्यांच्या शिस्तीत कोण राहिलं असतं, मला शंका आहे.

पाण्याची टाकी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा उघडायची. त्याआधी ते अंगणात उभे राहून शिट्टी फुंकत. बादल्यांवर खोलीचे नंबर त्यांनी स्वतः रंगवले होते. दुसऱ्याच्या नंबरची बादली कुणी रांगेत आणली की ती रिकामी करून परत. बोईसरला त्या काळी पाणी नाही म्हणून ओरड असे. आमच्याकडे पाणी असूनही ओरड होती. जमिनीला ते 'डेक' म्हणत, खोलीला 'केबिन'. रविवारी सकाळी 'राउंड', म्हणजे प्रत्येक खोलीची तपासणी. एक उत्तर प्रदेशचा वेल्डर नवीन आला होता. तो वैतागून म्हणाला, "साब, ये घर है कि जहाज?"

"घर है," काका म्हणाले. "जहाज होता तो तू अब तक पानी में होता. बिस्तर उठा."

त्यांच्या घरात काकूंनी वेगळाच मार्ग काढला होता. त्या सगळं ऐकून घेत आणि काहीच करत नसत. एकदा मी तक्रार घेऊन गेलो तेव्हा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अहो भाऊ, यांचं जहाज बुडालं, पण हे अजून त्यावरून उतरले नाहीत. तुम्ही कशाला भांडता?"

राउंडमध्ये बिछाने, केर, मोरी या गोष्टी नावालाच होत्या. त्यांचं खरं लक्ष मागच्या दाराकडे. आत येऊन ते आधी मागची कडी काढत, दार सताड उघडत, पुन्हा लावत. दाराला टेकवलेली सायकल, ट्रंक, गोणी काहीही चालत नसे. मुलगी झाल्यावर आमची जागा फारच अपुरी पडायला लागली, म्हणून मी गव्हाची कोठी मागच्या दाराशी सरकवली. रविवारी त्यांनी ती एकट्याने उचलून अंगणात नेऊन ठेवली. आभाळ भरून आलं होतं.

"काका, गहू भिजतील!" माझी बायको ओरडली.

"भिजू देत. गहू वाळवता येतात."

त्या दिवशी तिने त्यांना जे नाव ठेवलं ते मी लिहीत नाही.

पण माणूस अडचणीत आला की याच शिस्तीचा आधार वाटायचा, हेही सांगायला हवं. आमच्या कारखान्यात टाळेबंदी झाली तेव्हा मी तीन दिवस खाटेवर पडून छताकडे पाहत होतो. चौथ्या दिवशी काका पुढच्या दाराने आत आले, मागचं दार उघडलं आणि म्हणाले, "जहाजात पाणी शिरलं की काय करायचं? आधी उपसायचं, मग रडायचं. उठा. टाकीला चुना लावायचाय." दिवसभर त्यांनी माझ्याकडून चुना लावून घेतला. संध्याकाळी मी आपसूक दुसऱ्या कारखान्यात चौकशीला गेलो.

दर डिसेंबरात एक दिवस मात्र शिट्टी वाजत नसे. त्या दिवशी काका पहाटे दाढी करून, पांढरा शर्ट घालून मुंबईला जात. तिथे नौदलाच्या हद्दीत लढाईत गेलेल्यांचं स्मारक होतं. वर्षातून त्या दिवशी वाचलेल्यांना आणि घरच्यांना आत सोडत. पुढच्या रविवारी ते दातिवऱ्याला, किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावाला, जाऊन येत. तिथून आले की दोन दिवस कुणाशी बोलत नसत. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "त्यांचं तिकडं काम असतं." मी जास्त विचारलं नाही.

त्याचा उलगडा दामूमुळे झाला. आमच्या घरी गॅस आला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट, म्हणजे त्र्याऐंशी साल असणार. राउंड चालू असताना एक पंचविशीचा पोरगा अंगणात येऊन उभा राहिला. हात मनगटापर्यंत पिवळे. रंगाच्या कारखान्यांतल्या हेल्परांचे हात मी रोज पाहत होतो, त्याचं काम ओळखायला वेळ लागला नाही.

"काका, तुमच्याशी बोलाचं हाय," तो म्हणाला.

काकांनी शिट्टी खिशात टाकली. राउंड अर्धवट सोडून ते ओट्यावर बसले. असं मी कधी पाहिलं नव्हतं. माझी खोली ओट्याला लागून होती आणि काकांशी बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलावं लागे, त्यामुळे मी सगळं ऐकलं.

दामू दातिवऱ्याचा. बाप तिथला जुना तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. दामूचा थोरला भाऊ केशव काकांच्याच जहाजावर, काकांच्याच बॉयलरवर होता. तो परत आला नाही. तो नौदलात असताना बापाने नवी होडी बांधायला घेतली होती. लाकडासाठी केशवने पगारातून पैसे पाठवले होते. त्यांच्या घरात रीत अशी, की नवी होडी पहिल्यांदा पाण्यात लोटायची ती थोरल्या मुलाचा हात लागून. होडी पूर्ण झाली आणि लढाई सुरू झाली. तेव्हापासून ती किनाऱ्यावर झावळ्यांच्या मांडवात उभी होती. तांडेल दर वर्षी तिला मुशी माशाचं तेल लावत, डांबर फासत. पाण्यात घालत नसत. केशा येईल, त्याच्या हातानेच ती जाईल, म्हणत. स्वतः ते दुसऱ्याच्या होडीवर जात होते, आणि आता वय झालं म्हणून तेही थांबलं होतं. दामू कारखान्यांजवळच्या कुंभवलीत चार जणांबरोबर खोली करून राहत होता आणि रंगाची पिंपं ढकलत होता.

"सुतार बोलला," दामू म्हणाला, "फळ्या सुकून फटी पडल्यात. यंदा पाण्यात नाय गेली तर पुढल्या साली चुलीत घालाची. गावातल्या जाणत्यांनी पन सांगितलं, बारा वरसं झाली, आता केशादादाची क्रिया करून टाक. बाबा आयकत नाय. बोलतो, तो पोहत व्हता. पोहत व्हता तो माणूस मेला असं कसं बोलाचं?"

काका खिशातली शिट्टी चाचपत राहिले.

"तुमीच बगितलेलं ना? तुमचंच आयकल तो. तुमी सांगा त्याला. मना त्या कारखान्यात नाय राहाचं, काका. रात्रीच्या पाळीत छाती भरते. घरी होडी हाय आन मी पिंपं ढकलतो."

"यंदा नेतो त्याला," काका म्हणाले. "स्मारकावर नेतो. नाव बघितलं की पटेल."

दामूला सुट्टी मिळणार नव्हती. काकूंनी मला बोलावून सांगितलं, "भाऊ, तुम्ही जा यांच्याबरोबर. नाहीतर ते दोघं भांडून वाटेतच उतरतील." माझी रजा शिल्लक होती. मी गेलो.

आधी दातिवऱ्याला जाऊन म्हाताऱ्याला राजी करायचं होतं. तांडेल मांडवात होडीच्या पोटाशी बसून तेलाचं फडकं फिरवत होते. बुटके, काळे, पाठ अजून ताठ. काकांना पाहून उठले नाहीत.

"आला सालाबादचा पावणा," म्हणाले. "बस. सावलीत बस, पानवेलीवाल्यांना ऊन लागतं."

काकांनी स्मारकाचा विषय काढला. तांडेलांनी मान हलवली. "दर साली तेच बोलतंस आन दर साली मी तेच सांगतो. केशा काय दगडात हाय? मी काय दगड बगाला जाऊ?"

"दगड नको बघूस. यंदा तिथे जहाजाची नक्कल ठेवलीय. काचेत. आतलं सगळं दिसतं."

तांडेलांचं फडकं थांबलं. पोराने ज्या जहाजावर नोकरी केली ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"लोखंडाची होडी," ते म्हणाले. "बगू तरी कशी बांदलीती."

ठरल्या दिवशी ते सफाळ्याच्या फलाटावर आमची वाट पाहत होते. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, हातात पिशवी. पिशवीत सुके बोंबील. वास आमच्या डब्यात सगळ्यांना समजला.

"हे कशाला?" काकांनी विचारलं.

"तिथं मोठा सायब आसल. मोकळ्या हातानी जाऊ काय?"

"अरे तांडेला, नौदल आहे ते! बोंबील घेऊन कोण आत सोडेल?"

"का? नौदलात काय समुद्राचं नाय खात?"

फाटकावर तपासणी होती. पहाऱ्यावरच्या पोराने पिशवी उघडली आणि मान मागे घेतली. काका त्याच्याशी त्यांच्या जुन्या आवाजात काहीतरी बोलले. पोराने पिशवी बंद करून टेबलाखाली ठेवली आणि जाताना न्या म्हणाला. त्यातले निम्मे बोंबील आम्ही परत निघालो तेव्हा त्याने ठेवून घेतले, हे मी स्वतः पाहिलं.

आत हिरवळ, पांढरे रंगवलेले दगड, मधोमध काळ्या दगडाची उभी भिंत. तिच्यावर नावं. बरेच लोक आले होते. बायका फुलं वाहत होत्या, एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. काकांनी तांडेलांना सरळ एका जागी नेलं आणि बोट ठेवलं. "हे. केशव. हे वडिलांचं नाव, तुझं. हे आडनाव."

तांडेलांना वाचता येत नव्हतं. त्यांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"माजं पन नाव हाय?"

"बापाचं नाव लिहितातच."

"आमच्या देवळाच्या पायरीवर पन माजं नाव हाय," तांडेल म्हणाले. "वर्गणी दिली त्यांची घातलीत. पाच नावं हायत, चार जणं जिती हायत. दगडावर नाव आलं म्हंजे माणूस मेला, असं कुटं हाय?"

काका माझ्याकडे पाहत राहिले. दामूसाठी जी एक गोष्ट करायला आलो होतो ती तिथेच संपली असं मला वाटलं.

"चल, ती होडी दाखव," तांडेल म्हणाले.

बाजूच्या दालनात काचेच्या पेटीत जहाज होतं. माणसाच्या उंचीहून लांब. एक बाजू कापून आतले मजले दाखवले होते. तांडेल पेटीभोवती एक पूर्ण फेरी मारून आले. मग वाकून, डोळा बारीक करून, एखादी होडी विकत घ्यायला आल्यासारखं पाहायला लागले. काकांना हुरूप आला. इतक्या वर्षांत त्यांच्या जहाजाबद्दल एवढ्या आस्थेने कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही भाडेकरू तर ऐकायच्या आधीच पळत असू.

"ही नाळ काय?"

"हो, पुढचं टोक. इथे तोफ. इथे कप्तान उभा असतो. ही गॅली, इथे जेवण."

"पानी कुटवर येतं?"

"या तांबड्या रंगापर्यंत. तांबडं आहे ते सगळं पाण्यात."

"बरी बांदलीय. बूड रुंद हाय." तांडेलांनी मान डोलावली. "आन तुमी दोघं कुटं असायचे?"

काकांचं बोट काचेवरून खाली उतरलं. "इथे. बॉयलर."

"तांबड्यात."

"हो."

"वर याला वाट?"

"ही शिडी."

"आन दुसरी?"

काकांनी बोट काढून घेतलं. "दुसरी नाही."

तांडेल आणखी वाकले. "तडाखा कुटं बसला?"

काकांनी दाखवलं. ते बॉयलरपासून फार लांब नव्हतं.

"कितीसा येळ तरंगलं मंग?"

"फार नाही."

तांडेल सरळ झाले. काचेकडेच पाहत त्यांनी हळू विचारलं, "मंग तो पोहला कवा?"

"काय?" काका म्हणाले. त्यांचा एक कान गेलेला होता, पण तांडेल चांगल्या कानाच्या बाजूला उभे होते. मला माहीत आहे, त्यांना ऐकू आलं होतं.

"पोहला कवा, म्हणतो. तू बोललास, पोहताना बगितला. या तांबड्यातनं, एका शिडीनी वर येऊन, तो पान्यात पडला कवा आन पोहला कवा?"

दालनात आणखी माणसं होती. काका नेहमी चाळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असं बोलायचे. तेव्हा ते इतकं हळू बोलले की मला पुढे सरकावं लागलं.

"नाही बघितला," ते म्हणाले. "आमची पाळी संपली होती. आम्ही दोघं वर आलो होतो, चहा घेत होतो. दणका बसला तेव्हा तो माझ्या शेजारी होता. खाली दोन नवीन पोरं राहिली होती. तो शिडीकडे वळला. मी हाक मारली. 'आलोच' म्हणाला."

तांडेल काचेतल्या त्या शिडीकडे पाहत होते.

"दवाखान्यातून सुटलो तो सरळ तुझ्याकडे आलो होतो, सांगायलाच. तू जाळं विणत होतास. मी तोंड उघडायच्या आधी तूच म्हणालास, दातिवऱ्याचं पोर बुडत नाय, पोहत व्हता ना? मी हो म्हटलं. तेवढंच म्हटलं. पुढच्या वर्षी खरं सांगायला आलो, तर तू होडीला तेल लावत होतास."

नंतर मी पुष्कळदा विचार केला, की ही चूक दुसऱ्या कुठल्या गावात झाली असती का. शेतकऱ्याने विचारलं असतं, पोरगा कसा गेला? तांडेलाने विचारलं, पोहत होता ना? कारण दातिवऱ्याचा माणूस पाण्यात मरतो हे कबूल करायला त्याची जीभ वळत नव्हती. आणि काकांची, त्याला नाही म्हणायला.

तांडेलांनी तळहात काचेवर ठेवला, शिडीच्या बरोबर समोर. पहाऱ्यावरचा एक कोवळा नाविक पुढे आला. "बाबाजी, काच को हाथ नहीं लगाना..."

"बाप है," काका म्हणाले.

तो पोरगा थांबला आणि दुसरीकडे बघायला लागला.

"म्हंजे वर आलेला," तांडेल म्हणाले.

"हो."

"आन आपल्या पायानी परत खाली गेला."

"हो."

"मंग तो बुडला नाय." त्यांनी हात काढला. काचेवर तेलकट पंजा उमटला. "आन मी येडा. बारा वरसं दरियाला शिव्या देतोय, माजा पोरगा दे, माजा पोरगा दे. दरियाकडं तो कवा गेलाच नाय."

ते भिंतीकडे परत गेले. नावाजवळ उकिडवे बसले आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग रडले. आम्ही लांब उभे राहिलो. मी मात्र पुन्हा एकदा आत जाऊन ती शिडी बघून आलो. त्या रात्री घरी पोचल्यावर पहिलं काम केलं ते हे, की मागच्या दाराशी पुन्हा सरकवलेली गव्हाची कोठी ओढून खिडकीखाली नेली. बायकोने कारण विचारलं. मी म्हटलं, उद्या सांगतो.

परतीच्या गाडीत विरार मागे पडलं. मग तांडेल खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "बारा वरसं खोटा बोललास."

"हो," काका म्हणाले.

"माज्या दामूची उमेदीची वरसं गेली त्यात."

"हो."

"नालायक हायस."

"हो."

सफाळे आलं. तांडेल उतरले, पिशवी खांद्याला लावली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "पुढल्या आयतवारी ये. सुताराला बोलवाचा हाय. लाकूड धराला माणूस लागल."

त्यानंतर दोन-अडीच महिने आमच्या चाळीत राउंड झाला नाही. रविवारी काका दातिवऱ्याला. केशवची क्रिया झाली, तिलाही ते होते. सुताराने कुजक्या फळ्या बदलल्या, फटींत कापूस आणि राळ भरली. तरी सुकलेलं लाकूड फुगवायला हवं होतं, म्हणून दामूने भरतीचं पाणी घमेल्याघमेल्याने होडीत भरून ठेवलं. त्या दिवशी मीही गेलो होतो. काका मांडवात शिरले, होडीत गुडघाभर पाणी पाहिलं आणि डबा घेऊन उपसायला लागले. दामू लांबून ओरडत धावत आला.

"काका! ओ काका! उपसू नका! मुद्दाम भरलंय!"

"मुद्दाम?" काका डबा हातात धरून उभे. "होडीत मुद्दाम पाणी कोण भरतं?"

"पानी पिऊ दे तिला," तांडेल हसून हसून खोकायला लागले. त्यांना हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. "बारा वरसं उपाशी हाय ती. हा नौदलवाला तिच्या तोंडचा घास पन काढतो."

काकांनी उपसलेलं पाणी परत आत टाकलं. फार गंभीरपणे, डबा डबा करून.

माघी पुनवेच्या भरतीला होडी लोटायचं ठरलं. नाळेला हळद-कुंकू, झेंडूची माळ. निम्मं गाव आलं होतं. बायका गाणं म्हणत होत्या. दामूने कारखान्याची नोकरी आदल्या आठवड्यात सोडली होती. हातांचा पिवळेपणा गेला नव्हता. हात लावायची वेळ आली तसं सगळे तांडेलांकडे पाहायला लागले. काकांनी मान खाली घातली.

तांडेलांनी दामूचं मनगट धरलं आणि त्याचा तळवा नाळेवर ठेवला.

"थोरला आता ह्योच," ते म्हणाले. "लोटा."

आम्ही लोटली. मीही लोटली. वाळूत ती एकदा अडली, दुसऱ्यांदा अडली आणि मग एकदम हातातून सुटून गेली, इतकी की मी पाण्यात आडवा पडलो. दामू आणि त्याचे दोन चुलतभाऊ उड्या मारून वर चढले. शीड वर गेलं. थोड्याच वेळात होडी खाडीच्या तोंडापाशी होती, मग त्याच्याही पलीकडे.

लोक हळूहळू पांगले. काका मात्र कमरेवर हात ठेवून तिथेच उभे राहिले, चपला ओल्या, नजर होडीवर. ऊन चढलं. मी दोनदा म्हटलं, चला. त्यांनी ऐकलं नाही, की ऐकलं आणि हलले नाहीत, कोण जाणे. होडी आता एका ठिपक्याएवढी झाली होती आणि तो ठिपका तेच पाहू शकत होते.

तांडेल घरी निघाले होते. वाटेत थांबून त्यांनी मागे पाहिलं आणि परत आले.

"तू कशाला उभा?"

"जरा बघतो."

"काय बगतंस? येल तो सांजच्याला." तांडेलांनी त्यांच्या दंडाला धरून वळवलं. "चल. घरात भात झालाय. निवल."

काका त्यांच्याबरोबर चालायला लागले. मी मागून. ओटीवर पानं मांडली होती. घोळ माशाचं कालवण होतं. दामूसाठी कुणी थांबलं नाही. आम्ही तिघं त्याच्या आधी जेवलो.